गोरखच्या स्लॅबवरची डिश

उसाच्या ट्रॉलीनं केबल तोडली तेव्हा दादाभाऊ रस्त्यातच उभे होते. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, आणि त्यांवर ऊस इतका उंच रचलेला की वरच्या मोळ्या रस्त्यावरून आडव्या गेलेल्या काळ्या वायरीत अडकल्या. वायर ताणली, खांब जरासा शहारला, आणि फट्कन तुटून ती ट्रॉलीमागं शेपटीसारखी फरफटत गेली. दादाभाऊंनी ओरडून ड्रायव्हरला हात केला. त्यानं आरशात बघून उलट हात केला आणि निघून गेला. कुणीतरी ओळखीचं दिसतंय, असं त्याला वाटलं असावं.

केबलवाल्याचं नुकसान झालं, एवढाच विचार करून दादाभाऊ घरी आले. पाय धुताना त्यांना आरतीच्या खोलीचं दार सताड उघडं दिसलं. दुपारच्या वेळी ते दार कधी उघडं नसायचं. आरती खुर्चीवर होती, कानांवर हेडफोन. समोरच्या स्क्रीनवर बंदूक धरलेली एक बाई एका भिंतीआड उभी होती. ती बाई हलत नव्हती, आरतीही हलत नव्हती.

"काय झालं गं?"

"नेट गेलं."

"येईल की मग."

"मॅच संपली, आबा."

तिनं हेडफोन काढून खिळ्याला अडकवले, स्वयंपाकघरात गेली, भाकरी आणि पिठलं वाढून घेतलं आणि सगळं संपवलं. ती रडली असती, आदळआपट केली असती, तर दादाभाऊंना बरं वाटलं असतं. पोरगी गप बसून अख्खी भाकरी खाते म्हणजे आत काहीतरी मोठं मोडलंय. अंजनाबाईंनाही ते कळलं. "पिठल्यात मीठ घालायचं ऱ्हायलं व्हतं," त्या नंतर म्हणाल्या, "तरी काय बोलली नाय."

आरती ओतूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली होती. सकाळी ती पुण्याच्या एका कपड्यांच्या दुकानाची वेबसाइट घरबसल्या सांभाळायची, पण तिचं खरं काम दुपारी सुरू व्हायचं. तिचा पाच जणींचा संघ होता. एक नागपूरची, एक भोपाळची, एक कोचीची, एक शिलाँगची आणि कप्तान निमगाव साव्याची. पाचजणी एकमेकींना कधी भेटलेल्या नव्हत्या. आपापल्या घरी बसून त्या एकाच खेळात उतरायच्या, समोरच्या पाचजणींना गाठायच्या आणि एक जागा ताब्यात घ्यायच्या. कोणी कुठून जायचं, कधी थांबायचं, हे सगळं आरती सांगायची. देशभरातल्या संघांची स्पर्धा चालू होती, आणि ऐन मोक्याला कप्तान भिंतीआड पुतळा होऊन उभी राहिली होती. बाकीच्या चौघी तिची वाट बघत बघत हरल्या.

हा सगळा प्रकार गावात कुणाला समजावून सांगणं अवघड होतं. गेल्या दिवाळीत तिला बघायला आलेल्या पाहुण्यांनी मुलगी काय करते असं विचारल्यावर दादाभाऊंनी खरं ते सांगितलं होतं. पाहुणे पोहे संपवून गेले, आणि मुलगी चांगली आहे पण सध्या गुण जुळत नाहीत, असा त्यांचा निरोप आला. पत्रिका तर त्यांनी मागितलीच नव्हती.

दादाभाऊंना मात्र खेळ पटला होता, आणि त्याला कारण पिंग होतं.

"मी इथं बटन दाबलं की ते तिकडं मुंबईच्या मशीनला कळतं आणि उत्तर परत येतं," आरतीनं एकदा सांगितलं होतं. "त्याला जेवढा वेळ लागतो तो पिंग. सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले वीस-पंचवीस चालतात. शंभर झाले की मेलोच."

अंजनाबाई हसल्या होत्या. दादाभाऊ हसले नव्हते. तरुणपणी ते यात्रेच्या घाटात, शर्यतीच्या चढावर, बैलगाडा पळवायचे. तिथं निकाल सेकंदाच्या तुकड्यांवर लागतो. अशा एका तुकड्यासाठी माणसं एकमेकांच्या घरचं पाणी प्यायचं सोडतात, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या रात्री जेवताना आरतीनं सांगितलं की हरलेल्या संघांना अजून एक संधी आहे, महिन्याभरानं. "पण उसाचा सीझन चालूच राहणार," ती म्हणाली, आणि ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी दादाभाऊ कामाला लागले. विहिरीवरच्या मोटरीचा एक स्टार्टर जळाला तर दुसरा घरात पाहिजे, हा त्यांचा शेतीतला जुना नियम. तोच इथं लावला. दुसऱ्या एका केबलवाल्याला गाठून त्यांनी आणखी एक लाइन घेतली. आरतीनं दोन लाइनी लागणारा राउटर मागवला. एक लाइन मेली की तो आपोआप दुसरीवर जायचा. सगळं जोडून झालं. आठवडाभरानं उसाची ट्रॉली आली आणि दोन्ही लाइनी घेऊन गेली.

दादाभाऊंनी जाऊन खांबाकडं बघितलं. दुसऱ्यानं आपली वायर पहिल्याच्याच वायरीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून आणली होती, अगदी नीटनेटकी.

"आबा, दुसरी लाइन दुसऱ्या वाटेनं आली पाहिजे," आरती म्हणाली. "नाहीतर ती एकच लाइन, दोनदा."

मग त्यांनी मोबाइलचं नेट करून बघितलं. घरात रेंज नव्हती. रेंज होती गोठ्याच्या पत्र्यावर, त्यातही वाऱ्याच्या दिशेप्रमाणे. आरती एक दुपार कॉम्प्युटर घेऊन गोठ्यात बसली. पिंग दोनशेच्या वर गेलं, आणि बोलताना मागून म्हशीचा आवाज गेला तो शिलाँगच्या रिसाला आवडला. बाकी काही जमलं नाही.

शेवटी आळेफाट्याच्या भरतला बोलावलं. टॉवरवरून डिशनं नेट द्यायचा त्याचा धंदा होता. तार नाही, खांब नाही, समोरच्या टेकडीवर टॉवर आणि घरावर ताटलीएवढी डिश, दोघांनी एकमेकांकडं बघत राहायचं. भरत दादाभाऊंच्या पत्र्यावर चढला, टेकडीच्या दिशेनं तोंड करून थोडा वेळ उभा राहिला आणि खाली उतरला.

"भाऊ, टॉवर दिसला पाहिजे, नाय तर डिशचा उपेग नाय. तुमच्या आन् टॉवरच्या मधी काय हाय, ते बघितलं का?"

दादाभाऊंना बघायची गरज नव्हती. मधे गोरखचा बंगला होता.

गोरख त्यांचा चुलतभाऊ, वयानं धाकटा. दोघांच्या शेतांमधे एक बांध, घरांमधे कांद्याचं एक वावर. एकेकाळी दोघांचा मिळून एक बैलगाडा होता, दोन बैल याचे, दोन त्याचे. एका यात्रेत त्यांचा गाडा, घाटाच्या भाषेत बारी, असा पळाला की घाटावरची माणसं फेटे उडवायला लागली. लाऊडस्पीकरवाला ओरडला, "दादाभाऊंची बारी! दादाभाऊंची बारी!" गोरखचं नाव आलं नाही. दादाभाऊंनी जाऊन ते दुरुस्त करून घ्यावं म्हणून गोरख खाली थांबला. दादाभाऊ तेव्हा घाटाच्या माथ्यावर बैल धरत होते आणि त्यांना काही ऐकू आलं नाही, असं त्यांचं म्हणणं. घाटातला स्पीकर बहिऱ्यालाही ऐकू येतो, असं गोरखचं म्हणणं. त्यानंतर शर्यतींवर बंदी आली, बंदी उठली, बैल म्हातारे होऊन गेले, गोरखचा दोन मजली बंगला उभा राहिला. अबोला तसाच राहिला.

हा अबोला फक्त दोघांचा होता. अंजनाबाई आणि गोरखची बायको लंकाबाई रोज संध्याकाळी बांधावर उभ्या राहून बोलायच्या. भाजी इकडची तिकडं जायची. गोरखच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा अंजनाबाईंच्याच घरून गेला होता. तो कोणी पाठवला, हे गोरखनं विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

"तुझ्या स्लॅबवर डिश बसली तर तिथून वायर आमच्याकडं आणता येईल," असा निरोप अंजनाबाईंनी बांधावर दिला. दुसऱ्या संध्याकाळी उत्तर आलं.

"ते म्हंत्यात, ज्याला डिश बसवायचीय त्यानं सवता येऊन सांगावं."

दादाभाऊ रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले. सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि भरतला फोन करून बोलावलं.

बंगल्याला बाहेरून जिना होता. भरत पुढं, दादाभाऊ मागं. गोरख आधीच वर जाऊन पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. त्याचे केस सगळे पांढरे झाले होते. ते दादाभाऊंनी बांधावरून कित्येकदा पाहिलं होतं, पण जवळून वेगळं वाटलं.

"भरत," दादाभाऊ म्हणाले, "त्यांना म्हनावं, टाकीच्या बाजूला एक पाइप रोवायचाय. स्लॅबला भोक पाडायचं नाय."

भरतनं गोरखकडं बघितलं. गोरख चार हातांवर उभा होता.

"भरत," गोरख म्हणाला, "ह्यांना सांग, भोकाचं काय नाय. ह्या डिशमधनं नेमकं काय जानार हाय?"

"नेट जानार, तात्या," भरत म्हणाला.

"ते कळलं. नेटमधनं काय जानार?"

भरतनं दादाभाऊंकडं बघितलं. "भरत, सांग त्यांना, आरतीचा खेळ जानार हाय," दादाभाऊ म्हणाले.

"मग माझी एक अट हाय," गोरख म्हणाला. "माझ्या स्लॅबवरनं जे जातंय ते मला समजलं पायजे. आरतीनं येऊन मला खेळ समजून सांगावा. मंग काय रोवायचं ते रोवा."

भरतनं हे शब्द जसेच्या तसे दादाभाऊंना सांगितले. अट मान्य आहे, हे जसंच्या तसं गोरखला सांगितलं. खाली उतरताना त्यानं दादाभाऊंना हळूच विचारलं की गोरखतात्यांना कमी ऐकू येतं का. दादाभाऊ म्हणाले, "नाय. चांगलं येतं."

आरती त्या संध्याकाळी लॅपटॉप घेऊन गोरखतात्याकडं गेली ती जेवूनच आली. दुसऱ्या दिवशीही गेली. गोरखनं तिला असे प्रश्न विचारले होते की तिला विचार करावा लागला. पुढं कोण पळतं? तीच का पळते? ती दमत नाही का, म्हणजे मनानं? पहिल्या झटक्यात सगळ्यांनी जोर लावला तर शेवटाला कोण उरतं?

"तात्या म्हणाले, रिसाला एवढ्या लवकर पुढं काढू नको," आरतीनं घरी सांगितलं. "आणि खरंच आहे ते."

"मी पन तेच म्हनलो असतो," दादाभाऊ म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपण कधी विचारलं होतं तर ते पिंगबद्दल, एवढं त्यांच्या लक्षात आलं आणि ते गोठ्याकडं गेले.

डिश बसली. आता तिथून वायर घरापर्यंत आणायची होती, कांद्याच्या वावराच्या कडेनं, जमिनीखालून, प्लास्टिकच्या पाइपातून. दादाभाऊंनी आपल्या बाजूनं चर खणायला घेतला. गोरखनं भरतच्या तोंडून कळवलं की आमच्या हद्दीतला आम्ही खणू. दोघेही दिवसभर खाली मान घालून खणत बांधापर्यंत आले. दोन्ही चर सरळ होते, पण बांधावर ते हातभर अंतरानं चुकले. दोघांनी चराकडं बघितलं. आपला चर वळवावा असं कुणालाच वाटलं नाही. शेवटी भरतनं पाइपाला तिथं दोन एल्बो टाकले आणि वायर वाकवून पलीकडं नेली.

आरतीनं चाचणी घेतली. खेळ चालू असताना तिनं हातानं केबलची पिन उपसली. चित्र थिजलं. चित्र परत हललं, खेळानं तिला पुन्हा आत घेतलं, आणि राउटरवरचा एक दिवा हिरव्याचा निळा झाला. डिशलाही दिवे होते, चार. "चारी पेटले म्हंजे टॉवर बरोबर दिसतोय," असं भरतनं गोरखला दाखवून ठेवलं होतं. गोरख आता रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी वर जाऊन ते दिवे बघायचा, असं लंकाबाईंकडून कळलं.

मॅच रविवारी दुपारी होती. दुसरी लाइन असली तरी दादाभाऊंनी पहिलीही सोडली नव्हती. त्यांनी एका लांब बांबूच्या टोकाला बेचक्यासारखी फांदी बांधली आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. ट्रॉली आली की थांबवायची, बेचक्यानं केबल वर उचलायची, ट्रॉली खालून जाऊ द्यायची. ड्रायव्हरांना वाटलं ही नवीन काहीतरी सरकारी सोय आहे. एकानं विचारलं, "पावणं, पुढच्या चौकात पन हाय का मानूस?"

ट्रॉल्या सगळ्या सुखरूप गेल्या. केबल तुटली ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. कुणीतरी विहिरीच्या पाइपलाइनसाठी जेसीबी लावला होता आणि त्याच्या दातात ती आली. दादाभाऊ बांबू धरून उभे असतानाच अंजनाबाई धावत आल्या.

"गेली! पन तिला काय झालं नाय. निळा दिवा लागला. खेळतीया अजून."

दादाभाऊंनी बांबू खांबाला टेकवून ठेवला. आता त्यांना रस्त्यावर काही काम नव्हतं. घराकडं वळताना त्यांनी सवयीनं गोरखच्या स्लॅबकडं बघितलं.

स्लॅबवर वानरांची टोळी होती. गोरख काठी घेऊन एका बाजूनं त्यांना हाकलत होता आणि ती दुसऱ्या बाजूनं परत येत होती. एक मोठं वानर डिशच्या पाइपावर चढलं, डिशला लोंबकळलं, झोका घेतला आणि तिथून आंब्यावर गेलं. डिश मान टाकून खाली बघायला लागली. तिला आता फक्त गोरखचा गोठा दिसत होता.

घरातून आरतीचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. मग दारात अंजनाबाई दिसल्या. "बंद पडलं! पोरींनी थोडा येळ मागून घेतलाय, पन लई येळ मिळत नाय म्हंती!"

दादाभाऊ कांद्याच्या वावरातून सरळ गेले. वाफे तुडवत गेले, ही गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केली. बंगल्याचा जिना ते कसे चढले ते त्यांना नंतर आठवलं नाही. वर गोरखनं डिश दोन्ही हातांनी धरून टेकडीकडं वळवली होती, पण दिवा एकच लागला होता.

"उजवीकडं घे," दादाभाऊ म्हणाले.

"कुनाच्या उजवीकडं?"

"टॉवरकडं तोंड केल्यावर जी उजवी येती ती."

"मी टॉवरकडंच तोंड केलंय. तूच तिरपा उभा हायेस, दादा."

दादाभाऊ सरळ उभे राहिले. "बरं. मग जरा वर."

दोन दिवे लागले. "अजून वर. थांब. लई झालं." एक विझला. दादाभाऊंनी पुढं होऊन डिशची दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून ती केसभर खाली आणली. तिसरा लागला. मग चौथा लागला. वावरापलीकडच्या अंगणातून अंजनाबाई ओरडल्या, "आलं! आलं! सोडू नका!"

सोडता येणार नव्हतीच. वानराच्या झोक्यानं पाइपावरची पकड उखडली होती आणि तिचा नट कुठं उडाला ते दिसत नव्हतं. दोघांपैकी एकानं जरी हात काढला तरी एक दिवा जायचा. तेव्हा एका बाजूनं दादाभाऊ आणि दुसऱ्या बाजूनं गोरख, मधे डिश, असे ते उभे राहिले. ऊन डोक्यावर होतं.

"गुडघा कसा हाय?" दादाभाऊंनी विचारलं.

"गुडघ्याचं तुला कुनी सांगितलं?"

"गावात बोलत्यात."

"बरा हाय. जिना चढताना कुरकुरतो." थोड्या वेळानं गोरख म्हणाला, "कांदा लावताना औंदा दाट लावलास तू."

"हां. जरा दाट झाला."

"आन् आत्ता त्यातनंच पळत आलास."

"मग आता इरळ झाला आसंल."

गोरखला हसू आलं. त्यानं ते दाबलं, कारण हसलं की हात हलायचा आणि चौथा दिवा लुकलुकायचा. दादाभाऊंनी ते पाहिलं. त्यांनी नजर टॉवरवर ठेवली.

लंकाबाई चहा घेऊन वर आल्या. दोघांचेही हात गुंतलेले. त्यांनी कप खाली ठेवला, दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि चहा बशीत ओतला.

"तोंड उघडा," त्या म्हणाल्या. "तुमी बी, भावजी."

दोघांनी एकेक बशी तशीच प्यायली. चहात आलं होतं.

त्यांना कळतही नव्हतं की मॅच कुठवर आली आहे. मधेच आरतीचा आवाज वावरावरून यायचा, "रिसा, वेट, वेट!" मग शांतता. एकदा तो आवाज इतका मोठा आला की गोरख पुटपुटला, "आता सोड तिला. आता पळू दे." आणि तेवढ्यात खरंच आरती ओरडली, "गो!"

मग काहीच ऐकू आलं नाही. दादाभाऊंच्या खांद्यातून कळा निघत होत्या. घामाचा थेंब भुवईवरून डोळ्यात गेला, तो पुसायला हात नव्हता. बांधावर एक टिटवी ओरडत गेली.

"जिकली!" अंजनाबाई अंगणात आल्या. "आवं, जिकली पोरगी!"

दोघांनी डिश सोडली नाही. जिंकली हे खरं, पण डिश सोडायला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी आरती स्वतःच वावराच्या कडेनं धावत आली, जिना चढून वर आली आणि दोघांना तसं उभं बघून शेवटच्या पायरीवरच थांबली.

"आबा, तात्या, सोडा ना आता."

सोडल्यावर हात खाली येईनात. लंकाबाईंनी एकाचे आणि आरतीनं दुसऱ्याचे हात धरून खाली आणले. आरतीचे डोळे भरले होते. ती हसत होती, आणि मग रडायला लागली, चांगली हुंदके देऊन. दादाभाऊंना फार बरं वाटलं.

"पुढची फेरी कधी हाय?" गोरखनं खांदा चोळत विचारलं. "तवर ह्या पायपाला वेल्डिंग करून घेतो."

"पुढची फेरी हैदराबादला आहे, तात्या. मोठ्या हॉलमध्ये. सगळे संघ एकत्र, त्यांच्याच कॉम्प्युटरवर."

"मग आपलं नेट?"

"तिथं लागत नाही."

दोघा भावांपैकी एक टेकडीकडं बघत होता, दुसरा डिशकडं.

"वेल्डिंग करून घे तरी," दादाभाऊ म्हणाले.

हैदराबादला आरतीबरोबर अंजनाबाई गेल्या. दादाभाऊंना जायचं होतं, पण कांद्याला पाणी द्यायचं होतं. मॅच त्यांनी गोरखच्या टीव्हीवर बघितली. मोठ्या हॉलात पाच पोरी एका ओळीत बसल्या होत्या, सगळ्यांचे शर्ट एकसारखे. भिंतीपलीकडून ज्यांची नावं इतके दिवस ऐकली त्यांचे चेहरे दादाभाऊंना पहिल्यांदा दिसले. शिलाँगची रिसा त्यांना दांडगी वाटली होती. ती निघाली एवढीशी, चष्मा लावणारी. खेळ काय चाललाय ते दादाभाऊ गोरखला सांगत होते आणि गोरख ते दुरुस्त करत होता. संघ पहिली मॅच जिंकला, दुसरी हरला, तिसरी फार थोडक्यात हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. कॅमेरा आरतीवर आला तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता, पण रिसाचा हात तिच्या गळ्यात होता.

"तिसरी जिकायला पायजे व्हती," गोरख म्हणाला.

"हां. पन खेळल्या चांगल्या."

संध्याकाळी अंजनाबाईंचा फोन आला. त्यांनी आधी हॉलमधल्या गारव्याबद्दल सांगितलं, मग तिथल्या जेवणाबद्दल. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आवं ऐका. ह्या चारी पोरी आपल्या घरी येतो म्हंत्यात. चार दिस ऱ्हानार. रिसाला म्हैस बघायचीय. ती रोज भात खाती, आन् मासे. मासे ओतूरला मिळतील का हो?"

"मिळतील. पन निजवायच्या कुठं?"

"ते तुमी बघा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दादाभाऊंनी गोरखकडं बघितलं. त्याला सगळं ऐकू आलं होतं.

"वरचा मजला मोकळाच हाय माझा," गोरख म्हणाला. "गाद्या मात्र दोनच हायेत."

"गाद्या माझ्याकडं हायेत. माळ्यावर. लई वर्सं झाली ऊन दाखवून."

"मग चल की. उजेड हाय तवर काढू."

गोरखनं टीव्ही बंद केला, पायात चपला अडकवल्या, आणि दोघं बांधावरून दादाभाऊंच्या घराकडं निघाले.